बटण दाबलं, पण विमा लागला का? विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण (इर्डाई), हैदराबाद

स. न. वि. वि.

नोकरीच्या ठिकाणी मिळणाऱ्या गट आरोग्य विम्याची नोंदणी आता बहुतेक कंपन्यांत ऑनलाइन होते. कर्मचारी पोर्टल उघडतो, बायको-मुलांची आणि आई-वडिलांची नावं भरतो, जन्मतारखा टाकतो, अटी मान्य असल्याची खूण करतो आणि बटण दाबतो. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत यशस्वी झाल्याचा संदेश येतो. त्याला वाटतं, घरचे सगळे विम्यात आले. विमा कंपनीच्या दप्तरी मात्र तेव्हा काहीही घडलेलं नसतं. तिथं नाव चढायला काही दिवस लागतात, कधी महिना लागतो, आणि कधी ते चढतच नाही. या मधल्या काळात कोणी आजारी पडलं तर बिल कोणी भरायचं, याचं उत्तर आपल्या नियमांत कामगाराच्या बाजूनं लिहिलेलं नाही. ते लिहावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआर विभागात काम करते. वर्षभर नावं चढवणं-उतरवणं, एप्रिलमध्ये नूतनीकरण, रुग्णालयातून येणारे फोन, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. विमा हा राज्यघटनेच्या केंद्र सूचीतला ४७ वा विषय, त्यामुळे या बाबतीत मंत्रालयात अर्ज करून उपयोग नाही. दार आपलंच वाजवावं लागतं.

आधी ही साखळी कशी चालते ते सांगते, कारण कागदावर ती फार साधी दिसते.

कर्मचाऱ्यानं भरलेली माहिती पोर्टलवर जमा होते. पोर्टल बहुतेक वेळा ब्रोकरचं असतं, क्वचित विमा कंपनीचं किंवा टीपीएचं, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं दावे हाताळणाऱ्या मधल्या संस्थेचं. महिन्यातून एकदा, कुठं पंधरा दिवसांनी, एचआर ती यादी उतरवून घेतं. नवे रुजू झालेले, सोडून गेलेले, लग्न झालेले, मूल झालेले असे रकाने करून एक्सेल फाइल बनते. ती ब्रोकरकडे जाते. ब्रोकर तपासतो, कुठं जन्मतारीख चुकलेली, कुठं नातं चुकलेलं, म्हणून परत पाठवतो. दुरुस्त फाइल विमा कंपनीकडे जाते. विमा कंपनी सर्वात आधी सीडी बॅलन्स बघते, म्हणजे कंपनीनं आगाऊ भरून ठेवलेल्या ठेवीत या नव्या नावांच्या हप्त्याइतके पैसे शिल्लक आहेत का ते. असतील तर एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत नावं चढवल्याचा कागद, निघते. ती टीपीएकडे जाते, तिथं ई-कार्ड तयार होतं, आणि मग कुठं रुग्णालयातल्या टीपीए डेस्कवर ते नाव दिसू लागतं.

यात पाच हात आहेत. कर्मचाऱ्याला त्यातला एकच दिसतो, तो म्हणजे स्वतःचा. सीडी खात्यात पैसे आहेत की नाहीत हे त्याला कोणी सांगत नाही, आणि त्यानं विचारावं असा रकाना कुठल्याच पोर्टलवर नाही. विमा कायदा १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. कलम योग्य आहे, त्यामागचं कारणही पटतं. पण त्याचा अर्थ जमिनीवर असा होतो की मालक कंपनीच्या वित्त विभागानं ठेव भरायला उशीर केला, तर त्या आठवड्यात नोंदवलेलं बाळ विम्याबाहेर राहतं.

हे उदाहरण कल्पनेतलं नाही. आमच्याकडच्या एका सीएनसी ऑपरेटरची बायको सातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत. त्यानं त्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या जिन्यात बसून मोबाइलवर पोर्टल उघडलं. पोर्टल बाळाचं नाव मागत होतं, आणि रकाना रिकामा ठेवून पुढं जाऊ देत नव्हतं. आपल्याकडे बारसं होईपर्यंत नाव ठेवत नाहीत, आणि मूल जगेल की नाही या घोरात असलेल्या बापाला तर तो प्रश्नच विचारू नये. पुढच्या पानावर जन्म दाखला जोडा म्हणून सांगितलं होतं. पालिकेचा दाखला त्या दिवशी मिळणं शक्य नव्हतं. रुग्णालयाचं पत्र जोडून, आईच्याच नावापुढं ‘बाळ’ लिहून त्यानं अर्ज पाठवला. यशस्वी झाल्याचा संदेश आला, त्याचा फोटोही त्यानं काढून ठेवला. दहा-बारा दिवसांनी रुग्णालयानं अंतरिम बिल पाठवलं तेव्हा डेस्कवरून उत्तर आलं, की बाळाचं नाव ॲक्टिव्ह यादीत नाही. सीडी बॅलन्स संपला होता आणि त्या फाइलमधली सगळीच नावं अडकली होती. पॉलिसीत नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण लिहिलेलं होतं. तीस दिवसांत कळवण्याची अट होती, ती त्यानं पहिल्याच दिवशी पाळली होती. तरी सव्वा लाखाची जमवाजमव त्यालाच करावी लागली. बायकोचं मंगळसूत्र गहाण पडलं. दावा नंतर मंजूर झाला, पण अनेक पत्रं लिहिल्यावर आणि सहा महिन्यांनी. व्याजाचं कोणी विचारलं नाही.

त्या फोटोला, म्हणजे यशस्वी झाल्याच्या त्या संदेशाला, नियमानं काय किंमत आहे? मला आपल्याकडून याचंच उत्तर हवं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक मार्गानं झालेला करार केवळ त्या कारणावरून अवैध ठरत नाही. बटण दाबून केलेली संमती कर्मचाऱ्याला बांधते. आई-वडिलांच्या वाढीव हप्त्याची रक्कम त्याच संमतीवर पुढच्या पगारातून कापली जाते, त्यात दिरंगाई होत नाही. मग तीच संमती समोरच्या पक्षाला कधीपासून बांधते?

यावर नेहमी मिळणारं उत्तर मला ठाऊक आहे. गट विम्यात पॉलिसीधारक म्हणजे मालक कंपनी. करार तिचा आणि विमा कंपनीचा. कर्मचारी हा फक्त लाभार्थी सदस्य. म्हणून पॉलिसीधारकाच्या विनंतीवर अमुक दिवसांत कार्यवाही व्हावी असं आपण सांगता, तेव्हा ते दिवस मोजायला सुरुवात होते कंपनीची फाइल पोचल्यावर. कर्मचाऱ्यानं बटण दाबल्यापासून ती फाइल निघेपर्यंतचे दिवस कोणाच्याच हिशेबात नाहीत.

आणि ही एक-दोन माणसांची गोष्ट नव्हे. आपल्याच २०२२-२३ च्या वार्षिक अहवालात आरोग्य विम्याखाली सुमारे ५५ कोटी लोक होते. त्यात स्वतः पॉलिसी काढलेले जेमतेम १० टक्के आणि गट विम्यातले ३६ टक्क्यांच्या आसपास. सगळे गट नोकरीतले नसतात हे मान्य, तरी स्वतःच्या पैशानं पॉलिसी घेणाऱ्याच्या सुमारे साडेतिप्पट माणसं दुसऱ्या कोणाच्या तरी पॉलिसीत नाव असलेली आहेत. पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे नियम म्हणताना ही माणसं डोळ्यांसमोर असायला हवीत.

आता कायद्यात याला आधार नाही का? आहे, आणि चांगला भक्कम आहे.

पहिला आधार सर्वोच्च न्यायालयाचा. दिल्ली इलेक्ट्रिक सप्लाय अंडरटेकिंग विरुद्ध बसंती देवी हा १९९९ चा निकाल आपल्या विधी विभागाला पाठ असेल. पगारातून हप्ता कापून आयुर्विमा महामंडळाला पाठवायचा, अशी ती पगार बचत योजना. मालकानं हप्ते वेळेवर पोचवले नाहीत, आणि कर्मचारी वारला. महामंडळानं हात वर केले: मालक हा आमचा एजंट नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. कर्मचाऱ्याच्या नजरेला जी व्यवस्था दिसत होती, तिच्यात मालक हप्ता घेणारा महामंडळाचाच माणूस होता. करार कायद्यातल्या एजंटच्या व्याख्येत तो बसतो, त्यामुळे विधवेला पैसे देण्याची जबाबदारी महामंडळाची. २००५ मध्ये राजीव कुमार भास्कर यांच्या प्रकरणात न्यायालयानं हीच भूमिका पुन्हा घेतली.

ही योजना वैयक्तिक आयुर्विम्याची होती, गट आरोग्य विम्याची नव्हती, हा फरक मी लपवत नाही. पण ज्या तत्त्वावर निकाल उभा आहे, ते इथं जास्तच लागू पडतं. तेव्हा मालक फक्त पैसे पाठवत होता. आज मालक पैसे कापतो, माहिती गोळा करतो, अटी दाखवतो, संमती घेतो आणि नोंदणी पूर्ण झाल्याचं जाहीरही करतो. पोर्टलच्या डोक्यावर बहुतेक वेळा विमा कंपनीचं चिन्ह असतं. समोरच्या माणसानं आपण विमा कंपनीशीच व्यवहार करतो आहोत असं का समजू नये? पण प्रत्येक कामगारानं हे सिद्ध करायला ग्राहक आयोगापासून दिल्लीपर्यंत जायचं का? निकालातलं तत्त्व नियमात उतरवणं हे नियामकाचं काम आहे.

दुसरा आधार आमच्या शॉप फ्लोअरवर रोज दिसतो. एकवीस हजारांपर्यंत वेतन असलेला कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असतो. ही मर्यादा जानेवारी २०१७ पासून तीच आहे. पगारवाढीत कोणी एकवीस हजार ओलांडतो आणि अंशदानाचा सहामाही कालावधी संपला की ईएसआयच्या कपातीतून बाहेर पडतो. त्याला कंपनीच्या मेडिक्लेममध्ये घ्यायचं, म्हणून आम्ही त्याला पोर्टलची लिंक पाठवतो. पगार वाढला म्हणून तो पेढे वाटत असतो. पण एक गोष्ट त्याच्या हातून त्या दिवशी सुटते आणि ती त्याला कोणी सांगत नाही. ईएसआयमध्ये मालकानं अंशदान भरलं नाही तरी ईएसआय महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. १९४८ च्या कायद्यात कलम ६८ नं ही तजवीज केली. मालकाची कसूर मालकाकडून वसूल करा, आजारी माणसाला मधे धरू नका, एवढा साधा विचार त्यात आहे. स्वातंत्र्यानंतर वर्षभरात, कागदी रजिस्टरांच्या काळात जे जमलं, ते प्रत्येक क्लिकची वेळ सेकंदापर्यंत नोंदली जाते त्या काळात न जमण्याचं कारण मला सापडत नाही.

माझी मुख्य मागणी यातूनच येते. कर्मचाऱ्यानं मुदतीत, पॉलिसीच्या अटींत बसणारी नोंदणी पोर्टलवर पूर्ण केली, तर त्या तारखेपासून, आणि बाळ-लग्नासारख्या प्रसंगी पॉलिसीत लिहिलेल्या आधीच्या तारखेपासून, तो माणूस विमा संरक्षणात आहे असं धरलं जावं. पुढं फाइल अडकली, ठेव कमी पडली, ब्रोकरकडून ओळ गळली, तर त्याचा हिशेब विमा कंपनी, ब्रोकर आणि मालकानं आपसांत करावा. दावा त्यासाठी थांबू नये.

विमा कंपन्यांचा आक्षेप मी त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे. असं केलं तर लोक आजारी पडल्यावर नावं घालतील आणि मालक मागच्या तारखा टाकतील. भीती खरी आहे. मागच्या तारखेनं नाव घुसवण्याचा दबाव एचआरवर येतो, ज्यानं हे काम केलंय त्याला माहीत आहे. पण या भीतीवरचा इलाज पोर्टलच्या पोटातच आहे. बटण दाबल्याची वेळ जशीच्या तशी, कोणालाही बदलता येणार नाही अशी, त्याच क्षणी विमा कंपनीच्या सर्व्हरवर गेली पाहिजे. महिनाभर एक्सेलमध्ये फिरवली की फसवणुकीला जागा तयार होते. तारीख थेट गेली तर कामगारालाही पुरावा मिळतो आणि कंपनीलाही. ठेवीच्या बाबतीत, कलम ६४ व्हीबीला धक्का न लावता किमान शिल्लक ठरवून देता येईल: मागच्या वर्षात महिन्याला सरासरी जेवढी नावं चढली, तेवढ्यांच्या हप्त्याची रक्कम खात्यात कायम असली पाहिजे. ती खाली जाऊ लागली की विमा कंपनीनं मालकाला आधी कळवायचं. आणि ठेव संपलेली असेल तर पोर्टलनं यशस्वी झाल्याचा संदेश दाखवायचाच नाही. ‘नाव अजून विम्यात आलेलं नाही’ असं स्पष्ट दाखवायचं, म्हणजे माणूस निदान एचआरच्या दारात येऊन उभा तरी राहील.

असाच प्रश्न अमेरिकेत आयुर्विम्याच्या बाबतीत उभा राहिला. नोकरीतून घेतलेल्या वाढीव आयुर्विम्याचे हप्ते पगारातून कापले जात राहिले आणि माणूस गेल्यावर, आरोग्याची माहिती देणारा फॉर्म कधी भरलाच नव्हता, असं सांगून दावे नाकारले गेले. तिथल्या कामगार खात्यानं चौकशी केली आणि २०२३ मध्ये एका मोठ्या विमा कंपनीला तडजोड करून ही पद्धत बदलावी लागली. हप्ता घेताना पात्रता तपासायची नाही आणि दावा आला की तपासायची, हे तिथं चाललं नाही. आपल्याकडे टॉप-अप, म्हणजे मूळ विम्यावरचा वाढीव विमा, आणि गट मुदत विम्याची नोंदणीही त्याच पोर्टलवर सरकते आहे, म्हणून हा मुद्दा आत्ताच सांगते.

आता भाषेबद्दल. ग्राहक माहिती पत्रक नव्या सोप्या स्वरूपात १ जानेवारी २०२४ पासून आपण सक्तीचं केलंत, आणि पॉलिसीधारकानं मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यावं असंही सांगितलंत. चांगला निर्णय. पण गट विम्यात पॉलिसीधारक कंपनी! कंपनी मराठीत कशाला मागेल? आमच्याकडचा फोर्कलिफ्ट चालवणारा, कॅन्टीन सांभाळणारी बाई, पॅकिंगच्या मुली यांना ते पत्रक इंग्रजीत पीडीएफ म्हणून मिळतं, तेही मिळालं तर. को-पे म्हणजे बिलातला आपला वाटा, रूम रेंट कॅपिंग म्हणजे खोलीच्या भाड्याला मर्यादा आणि महागडी खोली घेतली तर डॉक्टरांच्या फीपासून सगळ्यातच कात्री, हे त्यांना रुग्णालयातून सुट्टी मिळण्याच्या दिवशी कळतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ च्या कलम ५ नुसार संमतीसाठीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायला सांगितलं आहे. मराठी त्या परिशिष्टात आहे. माहिती कशी वापरणार हे मराठीत सांगायचं आणि विमा कशाचा मिळणार हे इंग्रजीत, असं कसं चालेल?

दुपारच्या शिफ्टच्या आधी आमच्या केबिनबाहेर रांग लागते. ‘मॅडम, तुम्हीच भरून द्या’, म्हणत माणसं फोन पुढं करतात. ओटीपी आला की मोठ्यानं वाचून सांगतात. ही संमती त्यांची म्हणायची की माझी? आई-वडिलांना घेणार का, घेतलेत तर दोन वर्षं काढता येणार नाहीत, वर्षाचे एवढे कापतील, हे मी जेवढं घाईत सांगीन तेवढंच त्यांना कळतं. एप्रिलच्या नूतनीकरणासाठी नोंदणीची खिडकी सात-आठ दिवस उघडी असते, त्यात गुढीपाडव्याच्या किंवा गावच्या जत्रेच्या सुट्ट्या आल्या की चार दिवस उरतात. खिडकी बंद झाल्यावर आलेल्यांना मी काय उत्तर देते, ते इथं लिहवत नाही. नोंदणीसाठी किमान एकवीस दिवस द्या आणि निवड केल्यानंतर ती बदलायला आणखी काही दिवस द्या. वैयक्तिक पॉलिसी घेणाऱ्याला आपण तीस दिवसांचा फेरविचाराचा काळ दिला आहे. पगारातून पैसे भरून आई-वडिलांचा विमा घेणाऱ्याला निदान दहा दिवस द्यायला हरकत नसावी.

नावांचा घोळ हा आणखी एक. पोर्टलचे रकाने पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे. आधारवर बाईचं माहेरचं नाव, पॅनवर सासरचं, बँकेत तिसरंच. सासूबाईंच्या आधारवर तर जन्मतारखेऐवजी नुसतं साल. पोर्टल मागेल ते भरून टाकलं जातं, आणि दाखल होताना ओळखपत्र जुळत नाही म्हणून कॅशलेस, म्हणजे रुग्णालयात पैसे न भरता उपचार, अडतं. एका बाईच्या तीन नावांची खात्री नोंदणीच्या वेळीच करून घ्यायची जबाबदारी विमा कंपनीवर टाका. हप्ता घेतल्यावर वर्षभर गप्प बसायचं आणि दाव्याच्या दिवशी स्पेलिंग तपासायचं, हे बंद झालं पाहिजे.

नोकरी सुटताना काय होतं, तेही पाहा. गट विम्यातून बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क आपण दिला आहे, मागच्या वर्षांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे जुन्या आजारांना संरक्षण लागू होण्याआधी थांबायचा काळ, धरून. मधुमेह झालेल्या पन्नाशीच्या माणसाला या हक्काचं मोल लाखांत आहे. पण बहुतेक पोर्टलला लॉगिन कंपनीच्या ईमेलनं होतं, आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी आयटीवाले तो ईमेल बंद करतात. किती वर्षं विम्यात होतो, विमा रक्कम किती होती, याचा कागद ज्या क्षणी लागणार, त्याच क्षणी दार बंद. सदस्याला विम्याचं प्रमाणपत्र मिळावं ही अपेक्षा २००५ च्या गट विमा मार्गदर्शक सूचनांपासून आहे. प्रत्यक्षात ई-कार्डालाच प्रमाणपत्र समजून विषय मिटवला जातो. त्यावर ना अटी असतात, ना अपवाद. लॉगिन माणसाच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर असावं, नोकरी गेल्यानंतरही निदान पाच वर्षं चालावं, आणि राजीनामा नोंदवला की वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा पर्याय, हप्ता आणि शेवटची तारीख मराठीत संदेशानं यावी.

कंत्राटी कामगारांचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्यापर्यंत पोर्टल पोचतच नाही. त्यांची नावं ठेकेदार भरतो. ठेकेदार बदलला की नावं उतरतात आणि नवा ठेकेदार भरेपर्यंत मधे कोणाचंच संरक्षण नसतं. १५ एप्रिल २०२० च्या आदेशात गृह मंत्रालयानं काम सुरू करणाऱ्या आस्थापनांना कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला होता, तेव्हा रातोरात पॉलिसी निघाल्या. त्या कामगारांतल्या किती जणांना आपलं नाव कोणत्या कंपनीत आहे हे कधी कळलं असेल? निदान नाव चढल्याचा आणि उतरल्याचा एसएमएस विमा कंपनीकडून थेट त्या माणसाच्या फोनवर जावा. बँकेतून पन्नास रुपये गेले तरी संदेश येतो, मग पाच लाखांचं संरक्षण निघून गेल्याचा का येऊ नये?

जीएसटीचा प्रश्न आपल्या अखत्यारीत नाही, तरी नोंदवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर गेला, गट विम्यावर १८ टक्के राहिला. आई-वडिलांचा हप्ता स्वतःच्या पगारातून भरणाऱ्याला दोन्हींची तुलना करता यावी, म्हणून पोर्टलवर मूळ हप्ता आणि कर वेगवेगळे दाखवणं सक्तीचं करा. विमा कंपनीला भरला त्यापेक्षा जास्त हप्ता सदस्याकडून घेता येत नाही हा जुनाच नियम आहे. पोर्टलवर आकडे उघडे असले तर तो पाळला जातो की नाही हे कामगारालाही कळेल.

२९ मे २०२४ च्या परिपत्रकात आपण कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय आणि सुट्टीच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी बंधनकारक केलीत. त्याचा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. संध्याकाळपर्यंत डेस्कसमोर ताटकळणारी माणसं आता दुपारी घरी येतात. पण ते तीन तास ज्याचं नाव यादीत आहे त्याच्यासाठी. नाव यादीत यायला किती तास, हे ठरवल्याशिवाय ते परिपत्रक अर्ध्याच लोकांपर्यंत पोचतं. विमा लोकपालाकडे दाद मागता येते, आणि तिथली मर्यादा २०२३ मध्ये पन्नास लाखांवर गेली हेही चांगलंच झालं. तरी तिथं जायला आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करून तिचा नकार यावा लागतो किंवा महिनाभर उत्तराची वाट बघावी लागते. ज्याचं नावच यादीत नाही त्याला नकाराचं पत्र मिळत नाही, खिडकीतून तोंडी उत्तर मिळतं. म्हणून ‘नाव यादीत नाही’ या उत्तरालाही दावा नाकारल्याचाच दर्जा द्या, ते लेखी आणि कारणासह द्यायला लावा.

आपण नवे नियम करण्याआधी मसुदा जाहीर करता आणि हरकती मागवता. या विषयावर असा मसुदा निघाला तर हरकती विमा कंपन्यांच्या आणि ब्रोकरच्या संघटना पाठवतीलच, त्यांच्याकडे वकील आहेत. तो मसुदा मराठीतही काढा आणि हरकती मराठीत स्वीकारा. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी इथल्या कारखान्यांत हे काम करणारे माझ्यासारखे अनेक जण आहेत. कोणत्या टप्प्यावर नाव कसं गळतं हे आम्ही ओळीओळीनं लिहून पाठवू. पुढचं नूतनीकरण एप्रिलमध्ये आहे आणि खिडकी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उघडते. त्याआधी निदान एवढं एक परिपत्रक निघावं: नोंदणीची तारीख आणि वेळ विमा कंपनीकडे थेट जाईल, आणि ती ज्या क्षणी गेली त्या क्षणाची पोच सदस्याच्या फोनवर येईल.

कळावे,
आपली,
गट विम्याच्या नोंदणीचं काम करणारी चाकणमधली एक एचआर कर्मचारी